कॅम्पच्या किटमध्ये लाकडी मुठीची एक सुरी हवी

प्रत्येक कॅम्पच्या आधी आपल्याला किटची यादी मिळते. ग्राउंडशीट, मेस टिन, टॉर्च, सुईदोरा, नायलॉनची दोरी. यादीच्या शेवटी ‘आणू नये अशा वस्तू’ असतात आणि त्यांत चाकू असतो. मग कॅम्पवर दोरी कापायची वेळ आली की आपण ती दगडाने ठेचतो, नाहीतर मेसमधल्या काकांकडे सुरी मागायला पळतो. तंबूची खुंटी मोडली तर नवी तासता येत नाही. तासायला हत्यार नसते, आणि कोणी दिलेच तर ते धरायचे कसे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

माझे मत स्पष्ट सांगतो. इयत्ता नववीपासून प्रत्येक कॅडेटला सुरी वापरायला, धार लावायला आणि सांभाळायला शिकवले पाहिजे. त्यासाठी सुरी निवडायची तर स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत पिढ्यानपिढ्या वापरतात तशी लाकडी मुठीची, साधी, आखूड सुरी निवडावी.

सुरी म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली सुरी येते. पाठीला दाते, काळे पाते, पोकळ मुठीत काडेपेटी आणि वर होकायंत्र. मूठ पोकळ असल्यामुळे पाते तिच्या तोंडाशीच संपते आणि जोर लावला की तिथेच मोडते. अशा सुरीने खुंटी तासता येत नाही आणि कांदाही नीट चिरता येत नाही. ती दाखवायलाच बरी.

स्वीडनमधल्या दालार्ना प्रांतात सिल्यान तलावाच्या काठी मोरा नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात सतराव्या शतकापासून सुऱ्या घडवल्या जातात. १८९१ मध्ये अमेरिकेतून परत आलेल्या फ्रोस्ट एरिक एरसन यांनी तिथे लाकडाच्या ओंडक्यांसाठी घसरगाड्या बनवण्याचा कारखाना काढला आणि सोबत सुऱ्याही बनवू लागले. पुढे सुऱ्यांचेच नाव झाले. मोराची जुन्या पद्धतीची सुरी ओळखायला सोपी आहे. मूठ बर्चच्या लाकडाची, पिंपासारखी मध्ये फुगीर आणि लाल रंगवलेली, आणि पाते साधारण १० सेंटीमीटरचे. ती श्रीमंतांची हौस नव्हे, सुतार, शेतकरी आणि कोळी यांची रोजच्या कामाची स्वस्त वस्तू आहे. फिनलंडमध्ये अशा सुरीला ‘पुक्को’ म्हणतात. ‘पू’ म्हणजे लाकूड, आणि या शब्दावरूनच हे नाव आले असे मानतात. उत्तरेकडे रेनडियर पाळणारे सामी लोक फांद्या तोडायला मोठी सुरी ठेवतात आणि बारीक कामाला लहान. दोन्हींच्या मुठीला बहुधा बर्चचे लाकूड किंवा रेनडियरचे शिंग असते.

या सुरीची रचना समजली की तिचे मोल कळते. पात्याच्या दोन्ही बाजूंना धारेपासून वर एकच रुंद, सपाट उतार असतो. धार लावताना तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर येतो, म्हणून नवशिक्यालाही धार लावता येते. लाकूड तासतानाही हाच उतार काडीवर टेकतो आणि किती खोल कापायचे ते हाताला समजते. पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या आत खोलवर गेलेले असते. मूठ तडकली तर ती काढून दुसरी बसवता येते. बोटांपुढे आडवा दांडा नसतो, कारण ही सुरी भोसकण्यासाठी बनलेलीच नाही. भोसकायला गेले तर आपलाच हात घसरून पात्यावर जाईल.

मूठ लाकडाची का, याचे उत्तर थंडीत आहे. शून्याखाली वीस-तीस अंशांत उघडी धातूची मूठ हातात धरवत नाही, लाकूड मात्र धरवते. आपल्याकडे एवढी थंडी नाही, पण ऊन आहे. आमचे घर जयपूरला मालवीय नगरात आहे, झालानाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. मे महिन्यात गच्चीवर ठेवलेली लोखंडी पक्कड हातात धरता येत नाही. माझ्या काकांनी स्वीडनहून आणलेली मोराची सुरी मात्र त्याच उन्हात सहज धरता येते. (ती बाबांच्या कपाटात कुलपात असते आणि बाबा समोर असतानाच मला मिळते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.) लाकूड घाम थोडा शोषते, म्हणून ओल्या हातातूनही ते प्लॅस्टिकइतके निसटत नाही. या सुरीत उणे आहे तेही सांगतो. साध्या कार्बन पोलादाचे पाते ओले ठेवले की गंजते. लिंबू कापून तसेच ठेवले तर डाग पडतो. पुसणे आणि तेलाचे बोट फिरवणे रोज करावे लागते. मला ही खोड वाटत नाही. बूट पॉलिश करायला लावणाऱ्या शाळेत तरी वाटू नये.

आता कोणी म्हणेल, स्वीडनचे कौतुक पुरे, आपल्याकडे काय कमी आहे? खरेच काही कमी नाही. कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीत लाकडी मुठीचा कोयता अडकवून रानात जातो. गोरखा पलटणींची खुकरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या म्यानात दोन छोट्या सुऱ्याही असतात. बारीक कामाची ती ‘कर्दा’ आणि ठिणगी पाडायची ती ‘चकमक’. म्हणजे सामी लोकांची मोठ्या आणि लहान सुरीची जोडी आपल्या पलटणींकडेही आहे.

जयपूरमध्ये रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांच्या वस्त्या दिसतात. परंपरा सांगते की ते मेवाडच्या राण्यांची शस्त्रे घडवणारे. १५६८ मध्ये चित्तोड पडला तेव्हा, गड परत मिळेपर्यंत घर बांधून राहायचे नाही अशी शपथ त्यांनी घेतली आणि बैलगाडी हेच घर केले. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चित्तोडगडावर नेले, तरी बरीच कुटुंबे अजून रस्त्याकडेलाच आहेत. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बाई घण मारते. चिमटे, तवे, खुरपी, विळे आणि ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या पोलादाच्या सुऱ्या ते बनवतात. महाराष्ट्रातले घिसाडीही हेच काम करतात आणि आपले मूळ राजस्थानाकडे सांगतात. बाबांनी अशाच एका लोहाराकडून सुरी करून घेतली आहे, शिसमाच्या मुठीची. मी दोन्ही सुऱ्यांनी कडुनिंबाच्या काटक्या तासून पाहिल्या. मोराची धार जास्त टिकते, लोहाराच्या सुरीला लवकर दगड दाखवावा लागतो. पण काम दोन्ही करतात आणि मूठ लोहाराचीच माझ्या हाताला जास्त बसते. स्वीडनमध्ये जुना धंदा टिकला कारण गिऱ्हाईक टिकले. आपल्याकडे गिऱ्हाईक कारखान्याची वस्तू घेऊन पुढे जाते. म्हणून माझे म्हणणे असे, की रचना स्कँडिनेव्हियाची घ्यावी, पण सुऱ्या आपल्या लोहाराकडून करून घ्याव्यात.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आई म्हणते, “वर्तमानपत्र वाचतोस ना? मुलांच्या हातात सुऱ्या द्यायचे हे दिवस आहेत का?” तिची भीती खोटी नाही. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द गेल्या काही वर्षांत घराघरांत पोहोचला. त्या बातम्यांत माझ्याच वयाची मुले असतात. उसाच्या फडातला आणि नारळाच्या बागेतला कोयता आता दहशतीचे नाव झाला आहे.

पण फिनलंडनेही हे पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ऑस्ट्रोबोथनिया भागात, काउहावा आणि लापुआ या गावांच्या परिसरात, सुऱ्या घेऊन दंगा करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या. लग्नात घुसून मारामारी करायची, माणसे भोसकायची. त्यांना ‘पुक्कोयुंकारी’ म्हणत. सरकारने म्होरक्यांना तुरुंगात घातले. पण पुक्को लोकांच्या आयुष्यातून काढून टाकला नाही. आज तेच काउहावा पुक्को घडवणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याच काळात, १८६६ मध्ये, उनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे फिनलंडच्या प्राथमिक शाळांत हस्तकला सक्तीची झाली. पुढे स्वीडनमध्ये नेस येथे ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण दिले, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातले पहिले नमुने नुसत्या चाकूने करायचे असत. मुलाच्या हातात सुरी आली ती शिक्षकासमोर, काम घेऊन आली. आपल्या वर्ध्यातही १९३७ मध्ये गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला होता, म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही.

आणखी एक गोष्ट. स्वीडन आणि फिनलंडमध्ये सुरी मोकाट नाही. कामाशिवाय ती सार्वजनिक जागी बाळगणे तिथे गुन्हा आहे. रानात, कामावर आणि छावणीत ती चालते, बाजारात आणि शाळेच्या वाटेवर नाही. आपणही तीच रेषा आखावी. सुट्टीत कोणी सुरी बॅगेत टाकून एसटीत बसावे असे मी मुळीच म्हणत नाही.

आपल्या शाळेला तर हे जड जाऊ नये. एनसीसीत आपण .२२ रायफल हाताळतो. कोतमधून रायफल सही करून निघते, मोजून परत जाते, नळी कुठे असावी हे उस्ताद पहिल्याच तासाला शिकवतात. रायफल देताना शाळा आपल्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही, पद्धतीवर विश्वास ठेवते. चार इंची सुरीसाठी तीच पद्धत पुरेल. मी सुचवतो ते असे:

१. सुऱ्या शाळेच्या असाव्यात, प्रत्येकीवर क्रमांक असावा आणि त्या कोतमध्ये राहाव्यात. स्वतःची सुरी कोणी आणू नये.

२. पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्याच्याविरुद्ध मारामारीची तक्रार असेल त्याला त्या सत्रात सुरी मिळू नये.

३. सुरी बसूनच वापरावी. हात लांब केल्यावर जिथवर पोहोचतो त्या वर्तुळात दुसरे कोणी नसावे. पाते नेहमी शरीरापासून दूर चालवावे, मांडीवर टेकवून कधीच नाही.

४. उठण्याआधी सुरी म्यानात जावी. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी.

५. पहिला धडा धार लावण्याचा असावा. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि जास्त जोर लावला की ती निसटते.

६. एक उस्ताद आणि आठच कॅडेट असा गट असावा. प्रथमोपचाराची पेटी शेजारी असावी.

परीक्षाही सोपी ठेवता येईल. एक खुंटी तासायची, काडीला न तोडता पातळ छिलके काढून एकाच काडीत चूल पेटवायची आणि सुरी पुसून, तेल लावून परत करायची. जो हे करील त्याला पुढच्या कॅम्पला सुरी मिळावी.

मोराच्या सुऱ्या महाग पडतील असे वाटत असेल तर गावातल्या घिसाड्याला किंवा लोहाराला नमुना दाखवून आठ सुऱ्या कराव्यात. आठ पुरेत. पुढच्या हिवाळी कॅम्पला एका गटावर प्रयोग करून पाहावा, आणि एकही नियम मोडला तर बंद करावा. मोडला नाही, तर यादीतल्या ‘आणू नये’ या ओळीखाली ‘शाळेकडून मिळेल’ अशी एक ओळ घालावी, ही माझी कॅम्प कमांडंट सरांना विनंती आहे.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी