घोंगड्याचे वर्ग आणि सूत कातणारी

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे हातमाग, गोधडी, टकळी इत्यादी जुन्या कलांचे वर्ग भरू लागले आहेत, ही गोष्ट आम्हांस मनापासून इष्ट वाटते. परंतु या वर्गांत बहुधा बाजारातून तयार सूत आणून ते लहानशा चौकटीवर विणावयास शिकवितात. एखादा रुमाल तयार होतो, शिकणारास समाधान वाटते, आणि प्रकरण तेथेच संपते. हौस म्हणून यास आमची हरकत नाही. पण यासच कोणी कलेचे पुनरुज्जीवन म्हणू लागल्यास हरकत आहे. कारण आमच्याकडील एक जुना धंदा ज्या ठिकाणी तुटला आहे, त्या ठिकाणापर्यंत हे वर्ग पोहोचतच नाहीत. तो धंदा घोंगड्याचा होय.

घोंगडे कसे होते हे शहरी वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कोकराचे पहिले जावळ त्यातल्या त्यात मऊ, म्हणून त्यास अधिक मान. ही लोकर पिंजून धनगराच्या घरची बाई तिचे सूत कातते. ते सूत सणगराकडे जाते. तो ताण्यास चिंचोक्याची खळ देतो, कुंच्याने ती सारखी करतो आणि खड्ड्याच्या मागावर बसून घोंगडे विणतो. याच घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मावळातील शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या पावसाळे काढले. आज सणगराचे माग थोडे उरले आहेत खरे, पण जे उरले त्यांसही हाताचे सूत मिळत नाही. पानिपतच्या गिरण्यांत चिंध्यांपासून होणारे कांबळे स्वस्त पडते. राठ लोकरीस गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून धनगर ती लोकर रानातच टाकून देतो. कित्येकांनी तर माडग्याळसारख्या मांसासाठी पाळावयाच्या मेंढ्या धरल्या. एवंच, माग थांबण्यापूर्वी चरखा थांबला. मग विणकामाचे शंभर वर्ग काढले तरी त्यांत विणावयाचे काय?

म्हणून आमची सूचना अशी की, वर्ग काढावयाचा तर तो सुतापासून सुरू व्हावा, आणि जेथे मेंढरू आहे तेथे निघावा. पुणे-सातारा रस्त्यावर नीरेच्या अलीकडच्या काठी सारोळे आहे. पूर्वेस पुरंदर-फलटणकडील मेंढपाळांचा मुलूख, पश्चिमेस भोरवरून कोकणात उतरणारे घाट. आणि नदी ओलांडताच शिरवळास सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जेथे जनावरांची विद्या जाणणारी तरुण मंडळी शेकडोंनी शिकतात. लोकर, कातणारे हात, मेंढीचे शास्त्र आणि हमरस्त्यावरील गिऱ्हाईक ही चारही एका हाकेच्या अंतरावर असताना वर्ग मात्र शहरातील गच्चीवर भरावा, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. केंद्राचे लोकर विकास मंडळ जोधपुरास आहे. तेथून नीराकाठची मेंढरे दिसत नसल्यास नवल नाही.

आता सरकारच्या कर्तव्याकडे वळू. सन १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने विशिष्ट वर्णनाची कांबळी यंत्रमागावर विणण्यास बंदी आहे, आणि सन १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. सन १९५६ च्या खादी आयोगाच्या कायद्यातील व्याख्या पाहिली तर हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले लोकरी वस्त्रही खादीच होय. अर्थात सणगराचे घोंगडे निर्विवाद खादी आहे. तथापि सन २०१३ च्या नियमांप्रमाणे खादीचे चिन्ह मिळाल्यावाचून त्यास ते त्या नावाने विकता येत नाही! कायदा मागास कुंपण घालतो, पण कातणारीच्या हातास काम देत नाही. सन २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना निघाली. शिकणारास दररोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य देणारी ही योजना आम्ही स्तुत्य समजतो. परंतु तिच्या आरंभीच्या १८ धंद्यांत जाळे विणणारा आहे, काथ्या विणणारा आहे, शिंपी व परीटही आहेत. लोकर कातणारी व घोंगडे विणणारा मात्र नाहीत. कापडखात्याची 'समर्थ' योजना निराळी आहे, असे उत्तर मिळेल. पण तेथे शिकविणाराजवळ प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र लागते. जिने साठ वर्षे सूत कातले, त्या धनगर आजीने ते कोठून आणावे? तिच्या सुताचा पीळ हेच तिचे प्रमाणपत्र मानून तिला मास्तराचा पगार द्यावा, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

येथे एक नाजूक प्रश्न आहे, आणि तो टाळणे आम्हांस शोभणार नाही. कातणे धनगराचे, विणणे सणगराचे, ही वाटणी जातीने ठरली. विद्या घरातच राहिली आणि घर मोडले की विद्याही गेली. वर्गाची बैठक सर्व जातींच्या मुलामुलींस मोकळी झाली तर कलेचे आयुष्य वाढेल यात शंका नाही. पण जातीचे बंधन सुटताना मूळ कारागिराच्या हातचा घासही सुटावा, असा सुधारणेचा अर्थ आम्ही कधीच केला नाही.

व्यापारी बंधूंस यात काय, असे ते विचारतील. हाताचे अस्सल घोंगडे आज शहरी गिऱ्हाईक हजारो रुपये मोजून नेते; त्यातून कातणारीस किती पोहोचतात, याचा हिशेब त्यांनीच एकदा मांडून पाहावा. सन १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने, खादी महाग पडेल हे जाणूनही, कातणारीस पोटापुरती मजुरी द्यावी हे तत्त्व पत्करले होते. त्यानंतर कित्येक शाळांत टकळी आली, मुलांनी गुणांपुरते सूत काढले, आणि ते पुढे कोणी विणले नाही. सारोळ्यास वर्ग निघाला तर त्याच्या दारावर घड्याळाआधी दोन दर लिहिलेले असावेत: एक शेरभर लोकरीचा, दुसरा शेरभर सुताचा, आणि त्या दराने माल उचलण्याची हमी गावच्या पेढीवाल्यांपैकी कोणी तरी आधी द्यावी.