आंब्याखालची गाडी

मोहोर आला की आमच्या टिळकवाडीच्या बोळात सकाळचा वास बदलतो, आणि आमच्या घरात गाडीवरून कुरबूर सुरू होते. झाड शेजारच्या अज्जींचं. कंपाउंड त्यांचं, पण निम्मा डेरा आमच्या गेटवर. गाडी लावायला दुसरी जागा नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत रोज सकाळी बॉनेटवर, टपावर, काचेवर चिकट थेंब. त्यावर धूळ बसते, ऊन तापतं आणि दुपारपर्यंत त्याचे कडक ठिपके होतात.

गेल्या वर्षी हे प्रकरण जरा वाढलं. रविवारी सकाळी थोरल्याच्या अंगात उत्साह आला. त्याने स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेतली, भांड्याचा साबण घेतला आणि बॉनेट खसाखसा घासून काढलं. ठिपके गेले खरे, पण वाळल्यावर बघतो तर ताटलीएवढा भाग पांढुरका, निस्तेज. ह्यांची ही पहिली गाडी. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, तीही दुसऱ्याची वापरलेली. हे पोराला काही बोलले नाहीत. वर झाडाकडे बघून मला म्हणाले, "अज्जींना सांग, ती फांदी नाहीतर झाडच काढा म्हणावं."

सांगायचं कसं? ते झाड अज्जींच्या यजमानांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोणच्याच्या कैऱ्या दरवर्षी आमच्या घरी न मागता येतात. दोन दिवस मी गेटापर्यंत जाऊन परत येत होते. तिसऱ्या दिवशी अज्जींनीच गॅलरीतून पाहिलं आणि खाली आल्या. मी बॉनेट दाखवलं, झाडाचं मात्र तोंडातून निघेना. त्यांनी एका ताज्या थेंबावर बोट टेकवलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "यव्वा, इद मरद्दल्ल, हुळद्द." झाडाचं नव्हे, किड्याचं! मग एक पान तोडून उलटं करून दाखवलं. मोहोराच्या देठांवर गव्हाच्या दाण्याहून लहान, करडे किडे. हात लावला की टुणकन उडतात. आपण त्यांना तुडतुडे म्हणतो, अज्जी जिगिहुळ म्हणतात. हे मोहोरातला रस शोषतात आणि गोड, चिकट पाणी टाकतात. पानं तेलकट चमकतात, मुंग्या लागतात, पुढे त्यावर काळी काजळी धरते. आमच्या गाडीवर पडत होतं ते हे.

गोड पाणी म्हणजे साखरच. ती पाण्याने विरघळते, घासणी कशाला हवी? गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागेल तेव्हा, आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढायची. मग कोमट पाण्यात (उकळत्या नव्हे) भिजवलेलं मऊ फडकं ठिपक्यांवर दहा मिनिटं नुसतं अंथरून ठेवायचं. नंतर गाडीच्या शॅम्पूने धुवायची. भांड्याचा साबण नको. त्याने रंगावरचं वॅक्स उतरतं. दुसऱ्या दिवशी मी तसं केलं आणि नवे ठिपके फडक्याबरोबर निघून आले. पोरगा बाजूला उभा राहून बघत होता, गप्प.

खरा चीक मात्र वेगळा. कैरी तोडताना देठातून उडतो तो, ज्याला आपल्याकडची कन्नड घरं सोने म्हणतात. ओठाला लागला तर फोड येतो, एवढा जहाल. गाडीवर पडला तर लगेच पुसावा, उद्यावर टाकू नये. फणसाचा चीक तर पाण्याला दादच देत नाही. खानापूरकडच्या बायकांना हे सांगायला नको. फणस फोडायच्या आधी हाताला, सुरीला खोबरेल चोळतो ते याचसाठी. गाडीलाही तेच. ठिपक्यावर खोबरेलाचा बोळा ठेवायचा, पाचदहा मिनिटांनी मऊ फडक्याने उचलायचा. उचलायचा म्हणते, रगडायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा फडकं, फडक्याची बाजू दरवेळी बदलून. शेवटी शॅम्पूने तेल धुऊन टाकायचं, नाहीतर त्यावर बोळभर धूळ बसेल.

तेलानेही न गेलेला जुना, काचेसारखा झालेला थेंब असेल तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट. कापूस ओला करून अर्धा मिनिट थेंबावर दाबून धरा, पुसा, लगेच पाण्याने धुवा, वाळल्यावर तिथे वॅक्सचा हात फिरवा. इंजिन गार असू द्या, जवळ विडीकाडी नको. आणि आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं एखादं दार, एखादा मडगार्ड गल्लीतल्या गॅरेजात रंगवलेला असतो. तो रंग कंपनीच्या रंगाइतका पक्का नसला तर स्पिरिटने कापसावर येतो. आमच्या मागच्या दाराचा आलाच! प्लास्टिकवर, पुढच्या दिव्यांवर स्पिरिट नको. थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी कुठेच नको. ब्लेड चालेल ते फक्त काचेवर, काच ओली करून.

बॉनेटचं काय झालं, ते राहिलं. पेंटरला दाखवलं. त्याने चऱ्यांवरून नख फिरवलं. म्हणाला, वरचा पारदर्शक थर कागदाच्या निम्म्याएवढाही जाड नसतो, त्यालाच खरचटलंय. जिथे नख अडकत नाही तिथलं पॉलिशने जाईल, जिथे अडकतं तिथलं नाही. बरंचसं गेलं. मधे चारपाच रेघा उरल्या आहेत. तिरप्या उन्हात ह्यांना त्या अजून दिसतात.

कव्हरचाही सल्ला बऱ्याच जणांनी दिला. घाला, पण धुतलेल्या गाडीवर. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढलं, वाऱ्याने ते हललं, की तीही घासणीच.

झाडाचा विषय मग अज्जींनीच काढला. दाट, अंधाऱ्या डेऱ्यात तुडतुडे जास्त होतात, हे त्यांना माहेरच्या बागेमुळे माहीत. यजमान गेल्यापासून छाटणी झालीच नव्हती. कैऱ्या उतरल्यावर माणूस बोलावला, मधल्या फांद्या विरळ केल्या, ऊन आत शिरेल एवढ्या. आमच्या गेटवरची फांदीही थोडी आखूड झाली. शिडी धरायला हे स्वतः गेले होते. कोणी सांगितलं नव्हतं.

यंदाही मोहोर आला, तुडतुडेही आले, पण कमी. सकाळी गाडी पुसायला गेले की गॅलरीतून हाक येते, "इवत्त एष्ट?" मी बोटांनी दाखवते. काल चार थेंब होते.