हुकूम आहे, हक्क नाही

साथ आली की सरकारला आधी कायदा आठवतो, दवाखाना मागनं. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कोरोनासाठी जो साथरोग कायदा लावला, तो 4 फेब्रुवारी 1897 चा. इंग्रजानं मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. मूळ कलमं चार. सरकारनं हुकूम काढायचा, मोडणाऱ्याला शिक्षा करायची आणि हुकूम बजावणाऱ्यावर दावा चालू द्यायचा नाही. आजाऱ्याला खाट, औषध मिळालंच पाहिजे, असं एक अक्षर त्यात नाही. 2020 ला दुरुस्ती झाली. डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्याला शिक्षा आली, बरंच झालं. रुग्णाचा हक्क तेव्हाही आला नाही.

हा कायदा झाल्यावर 34 दिवसांनी, 10 मार्च 1897 ला, सावित्रीमाई प्लेगनं गेली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर तिनं पाठीवर घेतलं आणि यशवंताच्या दवाखान्यात नेलं. तिला कुणी हुकूम काढला नव्हता. 1897 म्हटलं की पांढरपेशांना रँड आठवतो, चापेकर आठवतात. दोस्तांनो, आपल्याला ती पाठ आठवली पाहिजे. कारण सार्वजनिक आरोग्य म्हणजे तीच गोष्ट : कुणाचंही पोर असो, उचलायचं.

आता तिच्याच मुलखात बघा. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज 1962 पासून आहे. म्हणून मार्च 2020 मध्ये इस्लामपूरला साथ फुटली तेव्हा तिथल्या रुग्णांना मिरजेचं सिव्हिल होतं. ते बरे होऊन घरी गेले. सरकारनं साठ वर्षांपूर्वी टाकलेला पैसा असा कामी येतो. साताऱ्याला कराडचं खाजगी कॉलेज होतं, सरकारी नव्हतं. ते सुरू झालं 2021-22 मध्ये, दुसरी लाट माणसं घेऊन गेल्यावर. ऑगस्ट 2021 मध्ये बाकी राज्य मोकळं झालं, अकरा जिल्ह्यांत निर्बंध राहिले. त्यात सातारा होता, सांगलीही होती. बंदी बरोबर वेळेवर पोचते.

सप्टेंबर 2020 मध्ये घोषणा आली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. कुटुंब माझं, कबूल. पण एका खोलीत सात जणं, नळ सामायिक, संडास सामायिक. आजारी माणूस वेगळा ठेवायचा कुठं, पत्र्यावर? अंतर ठेवा म्हणाले. अंतर आम्हाला काय शिकवता? गावानं पिढ्यान् पिढ्या ठेवलंय. मात्र गटार उपसायला, वॉर्ड झाडायला, प्रेत गुंडाळायला माणूस पाहिजे झाला की आमच्याच वस्तीचा रस्ता सापडतो. टाळ्या आणि थाळ्या त्याला मिळाल्या. कायम नोकरी नाही मिळाली, तो ठेक्यावरच.

दारोदार फिरून ताप मोजला तो आशाताईंनी. कागदावर त्या कामगार नाहीत, स्वयंसेविका. पगार नाही, मानधन. जून 2021 मध्ये ऐन साथीत त्यांना राज्यभर संपावर जावं लागलं, यातच सगळं आलं.

नावं देण्यात सरकारचा हात कुणी धरणार नाही. विमा योजनेला जोतीराव फुले, साताऱ्याच्या रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटील. नाव आपलं, पाटी आपली, आत खाट मिळेल का ते नशिबावर. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. मुदत आली, अडीच टक्के आले नाहीत.

राजस्थाननं 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. डॉक्टर रस्त्यावर उतरले, तरी केला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठताबसता घेणाऱ्या महाराष्ट्राला काय धाड भरलीय?

पुढची साथ येणारच. तेव्हा गावाकडं जाल तेव्हा जत्रा करून परत येऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीस हजार माणसांमागं एक, हा सरकारचाच नियम. डॉक्टर हजर आहे का, औषध आहे का, झाडणारा कायम आहे की ठेक्यावर, वहीत लिहा. त्या वह्या घेऊन मोर्चा काढू. भीक नको, हुकूमही नको. हक्क पायजे.

जय भीम!