माशाच्या तेलाची उसनी पुण्याई

देऊळगाव राजातल्या एखाद्या मेडिकलमध्ये संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. 'डोळे चुरचुरतात, अंधुक दिसते, काहीतरी द्या' म्हणणारा कोणीतरी येतोच. थेंबांच्या बाटलीसोबत पिवळ्या पारदर्शक कॅप्सूलची डबीही पुढे येते. 'माशाचे तेल आहे, डोळ्यांना चांगले.' बालाजीच्या या गावात एरवी मासळीला हातही न लावणारी मंडळी औषध म्हणून ती डोळे मिटून गिळतात.

माशाच्या तेलाला हे नाव फुकट मिळालेले नाही. पण ते तेल वेगळे होते. कॉड किंवा शार्क माशाच्या यकृतातून काढलेल्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असते. त्याच्या अभावाने मुलांना रातांधळेपणा येतो. दुर्लक्ष झाले तर बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून कॉड लिव्हर ऑइल येईनासे झाले, तेव्हा मुंबई सरकारने शार्कच्या यकृताचे तेल काढायला घेतले. त्या तेलाने खरोखरच डोळे वाचत. आज तेच काम नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोस करतात.

डबीतले आजचे तेल माशाच्या अंगाचे. त्यात ओमेगा-३ मेदाम्ले असतात, अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. म्हणजे पुण्याई आजोबांची, दुकान नातवाचे!

ओमेगा-३चा डोळ्यांशी संबंधच नाही, असे मात्र नाही. डोळ्याच्या पडद्यात त्यातले डीएचए मोठ्या प्रमाणात असते. मग ते पोटातून दिले तर डोळा सुधारेल, हा तर्क चुकीचा नव्हता. म्हणूनच तो तपासला गेला. अमेरिकेत कोरड्या डोळ्यांच्या 535 रुग्णांवर झालेल्या 'ड्रीम' अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. काहींना वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-३ दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरे वाटले, आणि जवळपास सारखेच बरे वाटले. 'मला तर फरक पडला' असे शेजारी सांगतात, त्याचे उत्तर बहुधा इथे आहे. उतारवयात पडद्याचा मध्यभाग झिजतो, त्या आजाराबाबतही 2013 च्या 'एरेड्स-२' अभ्यासात चार हजारांवर लोकांमध्ये ओमेगा-३मुळे झीज पुढे जाण्याचे थांबले नाही.

आता डबीची मागची बाजू वाचा. पुढे ठळक '1000 मिलिग्रॅम' असते, पण ते झाले एकूण तेल. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचे ओमेगा-३ साधारण 300 मिलिग्रॅम. 'ड्रीम'मधल्या मात्रेसाठी अशा दहा कॅप्सूल रोज लागतील, आणि तेवढ्यानेही कोरडेपणात काही विशेष साधले नव्हते. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळही शोधून पाहावी. आरोग्यपूरकांवर ती छापावी लागते.

या कॅप्सूल वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढली असतील तर डॉक्टर मोठ्या मात्रेत ओमेगा-३ देतात. ते परस्पर बंद करू नये. स्वतःच्या मनाने मोठी मात्रा घेणेही बरे नव्हे. त्याने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. ज्यांना मासे चालतात त्यांनी खुशाल खावेत. खडकपूर्णाच्या धरणातले राहू-कटला हे उत्तम अन्न आहे, ओमेगा-३ मात्र समुद्रातल्या तारली-बांगड्यात जास्त. शाकाहाऱ्यांची जवसाची चटणीही झकास. जवसातल्या ओमेगा-३चे शरीरात डीएचए फारच थोडे बनते, पण चटणी काही डोळ्यांसाठी खायची नसते.

खरा तोटा पैशाचा नाही, वेळेचा आहे. देशात पन्नाशीनंतर येणाऱ्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे येते, आणि मोतीबिंदू कुठल्याही तेलाने विरघळत नाही. भिंग बसवण्यासह त्याची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत मोफत होते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसत असेल तर चष्मा लागतो. जिनिंगच्या धुळीत काम करणाऱ्याचे किंवा रात्रभर मोबाइल पाहणाऱ्याचे डोळे चुरचुरत असतील, तर आधी धूळ आणि मोबाइल कमी करावा, पापण्यांना कोमट शेक द्यावा, तपासून घेऊन कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत. डोळा लाल होऊन दुखत असेल, तर थेंबही परस्पर घेऊ नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि त्याने काचबिंदू होऊ शकतो.

सर्वांत जास्त काळजी मधुमेहींची. त्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडू लागतात तेव्हा डोळा दुखत नाही, दिसायलाही चांगले दिसते. अंधुक दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासला, तर ते वेळीच कळते. त्यासाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे, जालना तर त्याहून जवळ. तपासणीला जाताना सोबत कोणाला तरी न्यावे, कारण थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि गाडी चालवता येत नाही.