तळाला पोचलेला उन्हाळा

मैत्रिणींनो, यावेळी आधी माझी एक चूक कबूल करते.

इथे मारुंजीत मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एप्रिलातली दुपार होती. पंखा गरम वारा टाकत होता आणि मी सातवीला महासागर शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, वर इतकं तापतं, तर ध्रुवाजवळच्या समुद्रात अगदी तळाशी राहणाऱ्या प्राण्यांना काय होतं?" मी खडू खाली न ठेवताच उत्तर दिलं, "अगं, तिथे कायमचा अंधार आणि गारठा. त्यांना काय होणार!"

घरी आले, पण मनातून ते जाईना. मग थोडं वाचन केलं, आणि कळलं की मी पोरीला साफ चुकीचं सांगितलं होतं.

आपण पाण्याची टाकी धुवायला काढतो, तेव्हा तळाशी गाळ बसलेला असतो ना? सगळ्यांत जुना खाली, ताजा वर. समुद्राचंही तसंच. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम एखादा सेंटिमीटर गाळ साचतो. त्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या इवल्या जीवांची चुन्याची कवचं असतात, वाळूच्या कणाएवढी. जीव मरतो, कवच राहतं. त्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं की त्या काळी पाणी किती गरम होतं ते समजतं. आपल्या वाण्याच्या वहीत जुनी नोंद सापडावी, तसंच हे.

१९८७ साली अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, मॉड राइज नावाच्या उंचवट्यावर, सुमारे २९०० मीटर खोल पाण्याखालचा असा गाळ जहाजावरून नळी घालून काढला. त्याचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरात एक विलक्षण गोष्ट दिसली. त्या काळी हवेत कार्बन वायू भरमसाट वाढला आणि काही हजार वर्षांत पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापली. ती ऊब खोल पाण्यापर्यंत पोचली. जगभरच्या समुद्रतळावर राहणाऱ्या या जीवांच्या तिसरा हिस्सा ते निम्म्या जाती कायमच्या नाहीशा झाल्या. आणि गंमत बघा, वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या पुष्कळ जाती मात्र तगल्या. खरा मार बसला तो तळाला!

असं का व्हावं? दोन कारणं तर स्वयंपाकघरातच पाहता येतात. सोड्याच्या दोन बाटल्या घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी ओट्यावर. नंतर मोरीत धरून उघडा. कोमट बाटली जास्त फसफसते, कारण गरम पाण्यात वायू टिकत नाही. समुद्र तापला की पाण्यातला ऑक्सिजन असाच कमी होतो. दुसरं, अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. बुडबुडे येऊन ते हळूहळू विरतं. हवेतला कार्बन वायू समुद्रात मुरला की पाणी किंचित आंबटाकडे झुकतं, आणि चुन्याच्या कवचांवर तीच पाळी येते. शिवाय गरम पाण्यात जीवाला भूक जास्त लागते, आणि तळाला अन्न ते किती? वरून पडेल तेवढंच. समुद्राची घडी पुन्हा बसायला एक लाखाहून अधिक वर्षं लागली.

बदल सावकाश झाला तर जीव जुळवूनही घेतात बरं का! सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठे हिमथर साचले आणि त्यानंतर तिथला समुद्र हळूहळू गार होत गेला. आज तिथे असे मासे आहेत की त्यांच्या रक्तात लाल रंगच नाही. गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर, म्हणून त्यांचं भागतं. रक्त गोठू नये म्हणून त्यात खास प्रथिनंही असतात. पण पाणी तापलं तर? जन्मभर गारव्यात वाढलेल्याला दोन अंशही जड जातात.

हे सगळं फार दूरचं वाटेल. पण आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती गोव्याहूनच. १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत गेल्या होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह, भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या त्या पहिल्या स्त्रिया. तिथलं आपलं पहिलं ठाणं 'दक्षिण गंगोत्री' त्याच वेळी उभं राहिलं. आज वास्कोला ध्रुव आणि महासागर यांच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथलं गार, जड पाणी तळाशी जाऊन हिंदी महासागराच्या खोल भागापर्यंत येतं, आपल्याबरोबर ऑक्सिजन घेऊन. म्हणजे आपलं आणि त्या तळाचं नातं आहेच.

आज आपण कोळसा आणि तेल जाळून हवेत कार्बन सोडतो, तो त्या जुन्या काळापेक्षाही कितीतरी वेगानं. काळजी वाटते ती या घाईची.

पुढच्या तासाला मी वर्गात सांगितलं, "परवा बाई चुकल्या होत्या." मग सोड्याच्या बाटल्या उघडल्या. फरशी ओली झाली, मुलं खूश! ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, मग आता तळाशी कोण जाऊन बघतं?" मी तिला अदिती पंतांचं नाव फळ्यावर लिहून दिलं.

तुमच्या घरीही असा प्रश्न येईल. हातात लाटणं असलं तरी "काही होत नाही" असं म्हणून टाकू नका. "बघून सांगते" म्हणा, आणि खरंच बघा.