पंचवीस हजारांचं भांडण आणि समाजमंदिराची चावी

परवा गुरुवारी आमच्या भजनी मंडळात भांडण झालं. पैशावरून. गंमत म्हणजे ते पैसे आलेले नाहीत, येणार आहेत की नाही तेही कुणाला माहीत नाही.

झालं असं की, २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारने भजनाचं साहित्य घ्यायला १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये अनुदान जाहीर केलं होतं. साडेचार कोटींचा विषय. तेव्हा आम्ही अर्ज केलाच नाही. कागदपत्रं कुणी जमवायची यावर चर्चा सुरू असतानाच मुदत संपली. आता कुणीतरी ग्रुपवर टाकलं की पुन्हा तसं काहीतरी निघणार आहे म्हणे. झालं! भैरवी व्हायच्या आधीच खरेदीची यादी सुरू. नवीन पेटी. नाही, पखवाज, जुन्याची शाई उडालीय. नाही, दोन स्पीकर आणि चार माईक, कारण पलीकडच्या आळीतल्या मंडळाकडे आहेत. एकीने एकसारख्या साड्या सुचवल्या. साड्या भजनाच्या साहित्यात बसतात का यावर दहा मिनिटं गेली.

या सगळ्यात आमच्यातली एक सून, अठ्ठावीस-तीस वर्षांची, फारशी बोलत नाही, ती म्हणाली, "पण बसायचं कुठे?"

कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

मी या मंडळात पेटी वाजवते आणि हिशोबाची वही ठेवते. अकरा वर्षं झाली. आम्ही एकोणीस जणी. रामकृष्ण हरी, रूपाचा अभंग, मग ज्यांचे त्यांचे अभंग, गवळण, भैरवी, पसायदान, शेवटी चहा. आधी देवळाच्या सभामंडपात बसायचो. मग सभामंडप बारशाला, साखरपुड्याला भाड्याने द्यायला लागले. त्यात चूक काही नाही, देवस्थानालाही लाईट बिल असतं. पण गुरुवारी दुपारी गेलं की खुर्च्या मांडलेल्या. मग कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या पार्किंगमध्ये, असं आमचं बिऱ्हाड पाठीवर. तीन वर्षांत बैठकीची जागा किती वेळा बदलली ते वहीत आहे. अकरा वेळा.

घरी येऊन विचार केला की अकरा वर्षांत मी या बायकांकडून वर्गणी घेतली, वेळा ठरवल्या, कोण कुठला अभंग म्हणणार ते ठरवलं. पण "तुला मंडळाकडून काय पाहिजे?" हे एकीलाही कधी विचारलं नाही. म्हणून आठवडाभर विचारत फिरले. कुणाला फोनवर, कुणाला भाजी घेताना.

उत्तरं ऐका.

एक जण खानावळ चालवते. सकाळी पाचपासून पोळ्या. ती म्हणाली, "मला दीड तास कुणी काही मागायला नको." बस्स, एवढंच. अभंग कुठलाही चालेल.

एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना शिकायचंय. कुठल्या चालीत कुठला राग आहे, ताल कुठे सोडायचा, कुठे धरायचा. "आपण अकरा वर्षं त्याच आठ चाली म्हणतोय," असं स्पष्ट बोलल्या. खरं आहे. चाल बसवायला कुणी जाणकार महिन्यातून दोनदा आला तर त्या त्याचं मानधन एकट्या द्यायला तयार आहेत.

ती सून म्हणाली ते मी विसरणार नाही. "काकू, मी बाहेर निघाले की कुठे चाललीस, कशाला, किती वेळ, असं सगळं विचारतात. भजनाला चालले म्हटलं की कुणी विचारत नाही." मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर चालत नाही, बागेत फिरून येते म्हटलं तर नाही. भजन चालतं. आपल्याकडे किती घरांत असं असेल, तुम्हीच सांगा. आपण त्याला भक्ती म्हणतो. आहेच भक्ती. पण टाळाच्या पिशवीत आणखीही काही असतं, ते आपण बघत नाही. जनाबाईंचे अभंग दळण-कांडणाचं नाव घेतात, ते उगाच नाही.

दोघी-तिघींना स्पर्धा हवी. चांगल्या गातात, वयानेही तरुण आहेत. त्यांचं म्हणणं असं की नंबर आला की लोक मंडळाला ओळखतात, घरचेही मग सोडतात. त्यांना मी हट्टी म्हणणार नाही. कोकणात डबलबारीला रात्र-रात्र माणसं बसतात ती काही फक्त पुण्य मिळवायला नाही. दोन बुवा समोरासमोर आले की ईर्ष्या येणारच, आणि त्या ईर्ष्येतून गाणं सुधारतं. गिरणगावात चाकरमान्यांनी चाळीचाळींत भजनं चालवली त्यातही आपली मंडळी भारी की त्यांची, हे होतंच. स्पर्धा वाईट असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण गेल्या वर्षी जे झालं ते सांगते, कारण त्यात चूक माझी आहे.

स्पर्धेचा नियम होता, जास्तीत जास्त बारा जणी. आम्ही एकोणीस. सात जणींना बाहेर बसवायचं होतं आणि यादी माझ्याकडे. शिवाय पेटी काळी पाचमध्ये धरायची ठरलं, वर चढलं की परीक्षकांवर छाप पडते म्हणून. साठीच्या पुढच्या बायकांना काळी तीनच झेपते हे मला माहीत होतं. मंडळात एक काकू आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. सूर थोडा खाली राहतो. पण दर गुरुवारी शेवटची गवळण त्यांचीच, मंडळ सुरू झालं तेव्हापासून. त्यांना मी म्हटलं, "काकू, तुम्ही या वेळी नुसते टाळ धरा. आणि जरा हळू." गवळण तरुण मुलीला दिली. तिने ती छान म्हटली, खोटं कशाला बोलू. आमचा तिसरा नंबर आला. ढाल माझ्या कपाटावर आहे.

काकू त्यानंतर दोन गुरुवार आल्या. मग गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे आधीपासूनच दुखत होते, तरी चार जिने उतरून यायच्या.

या आठवड्यात त्यांच्याकडेही गेले. आधी चहा, मग नातवाची परीक्षा, मग पुन्हा चहा. शेवटी विचारलं, "काकू, तुम्हाला मंडळाकडून काय हवं?" मला वाटलं आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "माझी गवळण तेवढी मला द्या. बाकी तुम्ही काय ते करा."

एकोणीस जणींपैकी नवीन पेटी एकीनेही मागितली नाही. साड्या सुचवणारीनेही नाही. तिलाही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वार आणि वेळ ठरलेली पाहिजे. नाहीतर शिवणाची कामं घेता येत नाहीत."

म्हणजे बघा, चौघी-पाच जणींना गाणं सुधारायचंय, बाकीच्यांना गाणं आहे तसं चालेल पण बसणं चुकायला नको. या दोन गोष्टी एका मंडळात मावतात का? माझं मत, मावतात, पण एकाच बैठकीत नाही. एक गुरुवार शिकायचा, चाली बसवायच्या, चुकलं तर थांबवायचं. दुसरा गुरुवार सगळ्यांचा, काळी तीन, कुणी कुणाला हळू म्हणायचं नाही. स्पर्धेला जायचं असेल तर बारा जणींनी वेगळा वेळ काढावा. मंडळाचा गुरुवार स्पर्धेला द्यायचा नाही. हे मी बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल, होऊ दे.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो विषय.

आपल्या भागात समाजमंदिर आहे. सरकारी पैशातून बांधलेलं. बाहेर कोनशिला आहे, आत काय आहे ते खिडकीतून दिसतं: मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या, जुने फलक, एक कूलर. दाराला कुलूप. चावी विचारायला गेले तर पहिल्यांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे, आणि तिसरे म्हणाले, चावी पहिल्यांकडेच असते. ऑफिसात लेखी अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे. "बघतो" एवढंच उत्तर.

निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाचे लोक भजनी मंडळांकडे येतात. कुणी टाळ वाटतं, कुणी साड्या, कुणी साऊंड सिस्टीम. टाळ वाजवायला बसायचं कुठे हे कुणी विचारत नाही. कारण टाळ देताना फोटो निघतो, चावी देताना काय फोटो निघणार! सरकारच्या अनुदानाचंही थोडं तसंच. पैसे देतायत त्याबद्दल राग नाही, गरजू मंडळांना उपयोगच होईल. ज्या गावात पखवाजच नाही तिथे पखवाज यावा. पण साहित्य ठेवायला कपाट नाही आणि बसायला छप्पर नाही, अशा मंडळाच्या हातात पेटी देऊन काय होणार? ती कुणाच्या तरी माळ्यावर जाणार, भाते उंदीर खाणार. आमची पहिली पेटी अशीच गेली.

आमची मागणी लहान आहे. आठवड्यातून एक दुपार, तीन ते पाच. एक ट्यूब, एक पंखा. बांबू आत राहिले तरी चालतील, आम्ही बाजूला बसू. झाडून-पुसून आम्ही घेऊ, लाईटचे पैसे वर्गणीतून देऊ. आणि हे फक्त आमच्यासाठी नको. शुक्रवारी ज्येष्ठ नागरिक बसू देत, संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसू देत. वार लिहिलेला एक फळा दाराबाहेर लावा, म्हणजे भांडणं होणार नाहीत. आणि चावी कुणाकडे आहे ते त्याच फळ्यावर नावासकट लिहा.

अनुदान खरंच निघालं तर आम्ही अर्ज करू. यादी बदललीय: पखवाजाला शाई, सहा जोड टाळ, पेटीची दुरुस्ती. स्पीकर खोडला. त्यावरून अजून एक जण माझ्याशी बोलत नाहीये.

येत्या गुरुवारी तीन वाजता आम्ही खानावळवाल्या ताईंच्या पार्किंगमध्ये बसतोय. गाड्या हलवायला सांगितल्यात. पेटी काळी तीन. शेवटची गवळण काकूंची आहे. त्यांना जिना उतरवून आणायला मी आणि ती सून जाणार आहोत, अडीच वाजता.

ज्यांना यायचंय त्यांनी या. चावीबद्दल ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी कमेंटमध्ये वाद घालू नका, मला फोन करा.