सर्वांत मोठा खेळाडू कोण?
पातूरच्या एस.टी. स्टँडजवळ चहाच्या टपरीवर पोरांची जुंपली होती. कोणी सचिन म्हणे, कोणी धोनी. आम्ही म्हणालो, "बाळू पालवणकर!" पोरं गप्प. हे कोण?

चांभार समाजातले डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्याआधी पुण्यात सोबतचे खेळाडू त्यांना चहा देत तो बाहेर, मातीच्या भांड्यात! हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांना दिले नाही. १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

एक काका उखडले, "१९३७ ला तो बाबासाहेबांविरुद्ध उभा होता ना?"

होते, काका. हरलेही. आम्ही असतो तर मत बाबासाहेबांनाच दिले असते. पण ते बळी कसे पुसायचे?

काका उठले. पोरं पुन्हा धोनीवर आली.